आवाज वाढवला, पण ऐकू आले नाही

ड्रिलच्या मैदानावर उस्ताद आपल्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. हुकूम ओरडून द्यायचा नाही, स्पष्ट द्यायचा. घसा ताणून कुणी 'सावधान' म्हटले की मागच्या रांगेला नुसता गलका ऐकू येतो आणि अर्धी तुकडी चुकते. पोटातून, शब्द सुटा करून म्हटले की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा कॅडेटही टाच जुळवतो. सहावीपासून मी हे ऐकत आलो आहे. त्याचा अर्थ मात्र मला या उन्हाळी सुट्टीत म्हैसूरला समजला, आणि तोही एक मोठी चूक केल्यानंतर.

बाबांच्या नोकरीमुळे आमचे घर म्हैसूरला आहे. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि निपाणीजवळच्या गावी राहिले. गेल्या वर्षी आजी गेली, तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत. त्यांना कमी ऐकू येते. टीव्ही मोठा लावतात, आणि आम्ही मोठ्याने बोललो की चिडतात.

आजी असताना माझ्या चुलत बहिणीने गावच्या स्वयंपाकघरात तिचे बोलणे मोबाइलवर टिपून ठेवले होते. सात मिनिटांचे रेकॉर्डिंग आहे. आजोबा फौजेत असताना त्यांची पत्रे कशी यायची, ते आजी त्यात सांगते. मोबाइल ओट्याच्या कडेला ठेवलेला, गॅसवर कुकर, वर पंखा आणि आजी जरा लांब बसलेली. तिचा आवाज फारच बारीक आला होता.

आजोबांना ते ऐकायचे होते. आम्ही ऐकून त्यांना सांगितलेले चालणार नव्हते. मी इयरफोन लावून दिला आणि मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज येतोय रे, शब्द येत नाहीत. पोस्टमनला काय दिलं म्हणते? चाक? नाक?"

मी म्हटले, "थांबा आजोबा, लॅपटॉपवर आवाज वाढवून देतो." वार्षिक दिनाच्या कार्यक्रमांची ध्वनिफीत तयार करायला मी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. मला वाटले, पाच मिनिटांचे काम आहे.

आवाज म्हणजे आकड्यांची रांग

मी काय केले ते सांगण्याआधी संगणकात आवाज कसा साठवला जातो ते पाहू. मायक्रोफोन हवेच्या दाबातला चढउतार टिपतो. संगणक तो चढउतार दर सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत लिहितो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत एका सेकंदात ४४,१०० मोजमापे असतात. १६ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या दरम्यान असावा लागतो. त्याबाहेरचा आकडा लिहायला जागाच नसते.

आवाज वाढवणे म्हणजे या सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने गुणणे. दोनने गुणले की लाटेची उंची दुप्पट होते. हे प्रमाण डेसिबलमध्ये सांगतात. साधारण ६ डेसिबल म्हणजे दुप्पट, २० डेसिबल म्हणजे दहापट आणि ३० डेसिबल म्हणजे सुमारे ३२ पट. फाइलमधल्या कमाल पातळीला ० डेसिबल म्हणतात आणि त्याखालचे सगळे आकडे उणे लिहितात. म्हणजे शून्य हे छत आहे आणि आवाज त्या छताखाली किती खोल आहे ते उणे आकडा सांगतो.

डेसिबल या शब्दातला 'बेल' म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यांची आई जवळजवळ बहिरी होती आणि पत्नी लहानपणीच बहिरी झाली होती. आवाज मोजण्याच्या एककाला ज्यांचे नाव मिळाले, त्यांच्या घरीच ऐकू न येण्याचा प्रश्न होता.

माझी चूक

मी संपूर्ण रेकॉर्डिंग निवडले आणि ३० डेसिबल वाढ दिली. ऑडॅसिटीने सावध केले होते. छताबाहेर जाणारी वाढ द्यायची असेल तर तिथे 'क्लिपिंग चालेल' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करावी लागते. मी ती खूण केली, जुन्याच नावाने फाइल साठवली आणि सॉफ्टवेअर बंद करून टाकले.

क्लिपिंग म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. 'लंबा दाहिने, छोटा बाएं' हुकमावर आपण उंचीप्रमाणे उभे राहतो. समजा, नोंदवहीत १६५ सेंटिमीटरपेक्षा मोठा आकडा लिहायला जागाच नाही, म्हणून १६७, १७२ आणि १८० उंचीच्या तिघांपुढेही १६५ लिहिले. नंतर ती वही पाहून कोण किती उंच होता ते कुणालाही सांगता येणार नाही. प्रत्येक आकड्यातून २० वजा केले तरी तिघे सारखेच राहतील. क्लिप झालेल्या आवाजाचेही असेच असते. लाटेचे गोल माथे छताला लागून सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. पुढे व्हॉल्यूम कमी केला तर फाटका आवाजच हळू ऐकू येतो.

ऑडॅसिटी काम चालू असताना दशांश अपूर्णांकातले ३२ बिटचे आकडे वापरते. त्यामुळे छताबाहेर गेलेली लाटही तोपर्यंत शाबूत असते आणि मागे फिरता येते. १६ बिटमध्ये साठवले की माथे कायमचे जातात.

आजोबांनी इयरफोन लावला. अर्ध्या मिनिटात कुकरची शिट्टी झाली आणि त्यांनी इयरफोन ओढून काढला. "ओरडू नकोस!" ते म्हणाले. ते मला म्हणत होते की कुकरला, हे मी विचारले नाही. पुन्हा लावायला ते तयार होईनात.

रात्री माझ्या लक्षात आले की लॅपटॉपवरची एकुलती एक फाइल मी बिघडवून ठेवली होती. बहिणीला फोन केला. ज्या मोबाइलवर मूळ रेकॉर्डिंग होते, त्याची काच फुटल्यामुळे तिने तो कपाटात टाकून दिला होता. तो सुरू होईल की नाही, तिला खात्री नव्हती. पुढचे तीन दिवस मी घरात कुणाशी नीट बोललो नाही. रविवारी तिने तो दुकानात नेला, तो सुरू झाला आणि मूळ फाइल मिळाली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे: आधी प्रत काढायची, मगच फिल्टर लावायचा.

ऐकू येते, पण समजत नाही

याच सुट्टीत आजोबांना घेऊन आम्ही म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत गेलो. वाचा आणि श्रवण या विषयांसाठीची ही केंद्र सरकारची संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली आणि मानसगंगोत्रीच्या परिसरात आहे. आजोबांना आवाजबंद खोलीत बसवून कानावर हेडफोन दिले. अगदी बारीक 'टूं' ऐकू आला तरी बटण दाबायचे होते. ही तपासणी साधारण २५० हर्ट्‌झच्या जाड स्वरापासून ८,००० हर्ट्‌झच्या तीक्ष्ण स्वरापर्यंत होते. शुद्ध स्वरांना भाषा लागत नाही, त्यामुळे कन्नड न येण्याची अडचण आली नाही.

आलेख पाहिला आणि मला कोडे उलगडले. जाड स्वरांकडे आजोबांचा कान बऱ्यापैकी शाबूत होता. २,००० हर्ट्‌झच्या पुढे रेघ घसरत गेली होती आणि ४,००० च्या आसपास खोल खड्डा होता. तपासणाऱ्या ताईंनी आजोबांना हिंदीत विचारले, "आप फौज में थे?" गोळीबाराच्या आणि मोठ्या यंत्रांच्या आवाजाने कान बिघडला की बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या जवळ असा खड्डा पडतो. वयामुळे होणारी घसरण त्यात आणखी भर घालते.

आता 'ताक', 'चाक', 'नाक' हे शब्द म्हणून पाहा. तिन्हींतला 'आ' सारखाच आहे. स्वरांना जोर असतो आणि त्यांचा बराचसा भाग १,००० हर्ट्‌झच्या खाली असतो. शब्द वेगळे करण्याचे काम व्यंजने करतात. त, च, स, श यांना ओळख देणारी बारीक कुजबुज बहुतांशी २,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते आणि ती मुळातच क्षीण असते. आजोबांना 'आ' ऐकू येत होता, त्याच्या आधीचे व्यंजन पोचत नव्हते. म्हणून आवाज येत होता आणि शब्द येत नव्हते.

ताईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती मला अधिक महत्त्वाची वाटली. आतला कान असा बिघडला की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज आपल्याइतकेच मोठे, कधी त्याहून त्रासदायक वाटतात. आपल्या कानाची खिडकी उंच असते. त्यात पानाची सळसळ मावते आणि ढोलही मावतो. आजोबांच्या खिडकीची खालची चौकट वर सरकली आहे आणि वरची होती तिथेच आहे. सगळेच वर ढकलले की कुजबुज आत येते, पण शिट्टी वरच्या चौकटीवर आदळते. म्हणून "मोठ्याने बोल" आणि "ओरडू नकोस" ही त्यांची दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी होती.

मग काय केले

या वेळी मी आधी मोजले. एफएफएमपेग नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'व्हॉल्यूम-डिटेक्ट' हा फिल्टर आहे. तो आवाजाला हात न लावता कमाल आणि सरासरी पातळी सांगतो. मूळ फाइलची कमाल पातळी उणे १ डेसिबल आणि सरासरी उणे ४१ डेसिबल निघाली. कमाल पातळी छताला टेकलेली असूनही बोलणे ऐकू येत नव्हते, कारण ते छत गाठले होते कुकरने. आजीचे मोठ्यात मोठे शब्दसुद्धा उणे २४ च्या वर जात नव्हते.

'नॉर्मलाइझ' हे बटण अशा वेळी का निरुपयोगी ठरते, तेही यातून कळले. ते फक्त सर्वांत उंच टोक पाहते. कुकरची शिट्टी छताला लागलेली असली की ते म्हणते, आता वाढवायला जागा नाही.

पहिले काम म्हणून मी तिन्ही शिट्ट्या निवडून त्यांच्यापुरता आवाज खाली आणला. हे सोपे गेले, कारण शिट्टी झाली की आजी बोलायची थांबते आणि शिट्टी संपली की पुढचे वाक्य सुरू करते. मग 'हाय-पास' फिल्टरने १०० हर्ट्‌झच्या खालची पंख्याची घरघर काढली. हे वाढ देण्याआधी करायचे असते, कारण गुणाकार आवाजाला आणि गोंगाटाला सारखाच लागू होतो.

त्यानंतर २० डेसिबलची वाढ दिली. आजीचे मोठे शब्द उणे २४ वरून उणे ४ वर आले आणि छताला लागले नाहीत. तिने पुटपुटल्यासारखे म्हटलेले शब्द मात्र अजून उणे ३४ वर होते. दोन्हींत ३० डेसिबलचे अंतर होते आणि एवढे अंतर आजोबांच्या खिडकीत मावणारे नव्हते.

इथे 'कॉम्प्रेसर' कामाला येतो. त्याला मी उणे २० ही सीमा आणि तीनास एक हे प्रमाण दिले. सीमेखालच्या आवाजाला तो हात लावत नाही. सीमेच्या वर आवाज ३ डेसिबलने चढला तर तो १ डेसिबलच चढू देतो. उणे ४ वरचा शब्द सीमेच्या १६ डेसिबल वर होता, तो जवळपास ५ डेसिबल वर राहिला, म्हणजे उणे १५ च्या आसपास आला. पुटपुट उणे ३४ वरच राहिली. ३० चे अंतर १९ झाले. आता वर मोकळी जागा मिळाली, म्हणून सगळ्यालाच १२ डेसिबल वाढ दिली. मोठे शब्द उणे ३ वर आणि पुटपुट उणे २२ वर आली. मोठ्याला आवरल्यामुळे लहानाला वर येता आले.

हे काम पूर्वी माणूस हाताने करत असे. १९३५ मध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसूरमध्ये स्वतःच्या घरी छोटे खाजगी रेडिओ केंद्र सुरू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राचे होते, पुढे ते देशभरच्या रेडिओने घेतले. रेडिओच्या स्टुडिओत तंत्रज्ञ काट्यावर नजर ठेवून बसतो. वक्ता पुटपुटला की बटण वर करतो, गायकाने तान घेतली की खाली करतो. कॉम्प्रेसर म्हणजे तंत्रज्ञाचा तोच हात, फक्त न थकणारा. श्रवणयंत्राच्या आतही याच तत्त्वाने काम चालते: हळू आवाजाला जास्त वाढ आणि मोठ्याला कमी.

शेवटी 'इक्वलायझर' लावून २,००० ते ४,००० हर्ट्‌झचा पट्टा ६ डेसिबलने उचलला, म्हणजे व्यंजने पुढे येतील. आधी १२ देऊन पाहिले होते, तर प्रत्येक 'स' शीळ घातल्यासारखा वाजू लागला. सर्वांत शेवटी 'लिमिटर' लावून उणे १ च्या वर काही जाणार नाही अशी सोय केली.

ज्यांना अनेक फाइली एका पातळीवर आणायच्या असतील, उदाहरणार्थ वार्षिक दिनाची गाणी आणि भाषणे, त्यांनी टोक न पाहता 'लाउडनेस' पाहावा. माणसाच्या कानाला आवाज किती मोठा वाटतो याचा अंदाज घेऊन हे माप केलेले आहे. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये त्यासाठी उणे २३ ही पातळी ठरवली. एफएफएमपेगमधला 'लाउडनॉर्म' फिल्टर याच पद्धतीने काम करतो. तो दोन फेऱ्यांत वापरावा: पहिल्या फेरीत मोजमाप आणि दुसऱ्या फेरीत बदल.

आजोबांनी ऐकले

आजोबा इयरफोन लावायला तयार नव्हते. मी आधी स्वतः संपूर्ण ऐकून दाखवले, मोबाइलचा आवाज अर्ध्यावर ठेवला आणि म्हटले, "आता शिट्टी टोचणार नाही." त्यांनी लावला. पहिल्यांदा काही बोलले नाहीत. चौथ्या मिनिटाला त्यांनी हात वर केला, मी थांबवले.

"ताक," ते म्हणाले. "ताक द्यायची म्हणते."

आजीला वाचता येत नव्हते. पत्र आले की पोस्टमन दारात उभ्या उभ्या घाईने वाचून दाखवायचा आणि निघायचा. म्हणून आजी त्याला बसवून ताक द्यायची, म्हणजे ताक पिऊन झाल्यावर तो तेच पत्र पुन्हा एकदा वाचायचा. फौजेत असलेल्या आजोबांना हे तिने कधी सांगितले नव्हते. त्यांनी ती जागा तीन वेळा ऐकली. मग म्हणाले, "मी पत्रं फार लहान लिहायचो."

फिल्टर म्हणजे श्रवणयंत्र नव्हे, हे मी इथे मुद्दाम लिहितो. एका रेकॉर्डिंगपुरते ते चालले. रोजच्या बोलण्यासाठी आजोबांना दोन्ही कानांची यंत्रे सुचवली आहेत आणि त्यांची सवय ते हळूहळू करून घेत आहेत. आम्हीही घरात काही सवयी बदलल्या. त्यांच्याशी बोलताना समोर येतो, टीव्ही बंद करतो आणि ओरडण्याऐवजी सावकाश बोलतो.

मित्रांनो, घरी कुणाचे जुने रेकॉर्डिंग असेल तर आजच त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. त्यावर काम करायचे झाले तर क्रम लक्षात असू द्या: प्रत, मोजमाप, गोंगाट कमी करणे, वाढ, कॉम्प्रेसर, इक्वलायझर, लिमिटर.

दुसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या कानांची. रायफलीच्या गोळीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या वर जातो. (हे डेसिबल हवेतल्या आवाजाचे, फाइलमधले नव्हेत.) अमेरिकेच्या नियॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. कानातल्या ज्या केसासारख्या पेशी आवाज टिपतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या क्लिप झालेल्या फाइलसारख्या आहेत, आणि त्यांची मूळ प्रत कुणाच्या कपाटात नसते.

फायरिंगला जाताना इयरप्लग मिळतात. काही जण ते खिशात ठेवतात, कारण घालणे म्हणजे भित्रेपणा असे त्यांना वाटते. मीही खिशात ठेवत असे. निघताना आजोबांना हे सांगितले तर ते म्हणाले, "आमच्या वेळी कापूस घालायलाही लाज वाटायची. तू घाल."

आता मी घालतो.